क्राकोव आणि ऑश्वित्झची गाइडेड टूर: बुकिंगपासून परतीच्या बसपर्यंत, आणि लोकं नेमकी कुठे चुकतात

पुण्या-मुंबईकडची मंडळी हल्ली प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करताना पोलंडमधल्या क्राकोवचे एकदोन दिवस जोडतात आणि त्यात ऑश्वित्झ, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला नाझींचा संहाराचा कॅम्प आणि आताचं स्मारक-म्युझियम, असतंच. परत आल्यावर विचारलं की कहाणी साधारण तीच: साइटवर स्लॉटच नव्हते म्हणून हॉटेलखालच्या एजंटकडून भरमसाठ पैशात घेतलं, बॅग आत सोडली नाही, आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून अर्ध्यातून बाहेर आलो आणि बर्केनाऊ, म्हणजे त्याचाच दुसरा मोठा कॅम्प, राहिलंच. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा यातल्या तीन चुका केल्या होत्या. नंतर आई-बाबांना घेऊन गेलो, आणि त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच ग्रुपना प्लॅन करून दिला, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक जण त्याच त्याच ठिकाणी अडखळतो.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. इतिहास तुम्हाला तिथला गाइड माझ्यापेक्षा शंभरपट चांगला सांगेल.

## १. आधी दिवस आणि क्रम ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. क्राकोवमध्ये "ऑश्वित्झ आणि व्हिएलिच्काची मिठाची खाण, एका दिवसात" अशी टूर जिकडेतिकडे विकतात, आपली लोकं एक दिवस वाचला म्हणून खूश होऊन घेतात. पहिल्या खेपेला मीही घेतली होती. सकाळी ऑश्वित्झमध्ये काचेमागे चपलांचा ढीग बघायचा आणि दुपारी खाणीत मिठाच्या झुंबराखाली फोटो काढायचे, डोकं कुठेच लागत नाही, आणि गाडीवाला सतत घड्याळ दाखवत असतो ते वेगळंच. खाण बघा, छान आहे, पण वेगळ्या दिवशी.

माझा क्रम असा आहे, आणि यावर मी हट्टी आहे:

पहिला दिवस काझिमेश, म्हणजे क्राकोवचा जुना ज्यू मोहल्ला. लोकं राहायची कशी ते इथे दिसतं.
दुसरा दिवस नदीपलीकडचं पोदगुझे. इथे नाझींनी त्यांना घेट्टोत, म्हणजे भिंत घालून तोडलेल्या वस्तीत कोंडलं.
तिसरा दिवस ऑश्वित्झ-बर्केनाऊ.

उलटं केलंत, म्हणजे उतरल्या उतरल्या ऑश्वित्झ, तर तिथे फक्त आकडे ऐकू येतात. आधी दोन दिवस गल्ल्या, दुकानं, प्रार्थनाघरं, कबरी बघून गेलात तर तिथल्या सुटकेसवर लिहिलेलं नाव वाचताना ते कुणाचंतरी नाव वाटतं. तीन दिवस नसतीलच तर पहिले दोन एकाच दिवसात बसवा, ऑश्वित्झचा दिवस मात्र पूर्ण मोकळा ठेवा.

वाराचा घोळ: अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, आपल्याकडे "शनवार तेली" म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. तेच डोक्यात ठेवा. काझिमेशमधली जी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, आजही प्रार्थनेची आहेत ती शुक्रवारी दुपारनंतर आवरायला लागतात आणि शनिवारी पर्यटकांना बंद असतात, ज्यू सणांनाही तसंच. म्हणून काझिमेशचा दिवस रविवार ते गुरुवारमध्ये धरा. ऑश्वित्झला शनिवारची अडचण नाही, तिथे १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार बंद असतो. २७ जानेवारीला, म्हणजे १९४५ साली कॅम्प मुक्त झाला त्या तारखेला, तिथे स्मृतिकार्यक्रम असतो, तो दिवसही टाळा.

## २. एन्ट्री कार्ड आधी, फ्लाइट-हॉटेल नंतर

हे वाचून लोकं हसतात पण मी सिरियसली सांगतोय. निदान क्राकोवचे हॉटेल-ट्रेन तरी एन्ट्री कार्ड, म्हणजे ऑश्वित्झचा ठरल्या वेळेचा प्रवेशपास, हातात आल्यावरच बुक करा. मे ते सप्टेंबरमध्ये इंग्रजी टूरचे स्लॉट भराभर जातात.

बुकिंग म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरच करायचं: व्हिजिट डॉट आउशवित्झ डॉट ऑर्ग. गुगलवर सर्च केलं की वरती जाहिराती येतात, त्यातल्या कितीतरी साइट दिसायला सरकारी वाटतात पण असतात रीसेलर.

त्या साइटवर गेल्यावर:

१. "इंडिव्हिज्युअल" निवडा, घरची पाच-सहा माणसं असतील तरी. ग्रुपचा पर्याय मोठ्या ग्रुपसाठी असतो.
२. मग "विदाउट एज्युकेटर" आणि "विथ एज्युकेटर" असा फाटा येतो. एज्युकेटर म्हणजे म्युझियमचा गाइड. मेमोरियलच्या आवारात प्रवेश फुकट आहे, पैसे पडतात ते गाइडचे. फुकटचे स्लॉट थोडे असतात आणि वेळाही अडचणीच्या. पहिल्यांदा जाताय तर गाइडचेच पैसे भरा, कारण बर्केनाऊमध्ये नुसतं फिरलात तर गवत, विटांची धुराडी आणि तारा याच्यापलीकडे काही कळणार नाही.
३. भाषा बघा, दोनदा बघा. इंग्रजी भरलेलं असताना त्याच वेळेचा पोलिश स्लॉट मोकळा दिसतो आणि घाईत तो क्लिक होतो. माझ्या ओळखीतलं एक जोडपं साडेतीन तास पोलिश ऐकून आलंय. हिंदी टूर नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही.
४. "जनरल टूर" घ्या, साधारण साडेतीन तासांची, यात दोन्ही कॅम्प येतात. सहा तासांची स्टडी टूर पण असते, ती ज्यांना खरंच खोलात जायचंय त्यांच्यासाठी, सासू-सासऱ्यांना घेऊन नको.
५. नावं पासपोर्टप्रमाणे टाका. आपल्याकडे पासपोर्टच्या गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, मग कुणी एकच टाकतं, कुणी घरातलं लाडाचं नाव टाकतं. कार्ड नावावर असतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात.
६. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे असते, आणि तारखेत आधी दिवस मग महिना आपल्यासारखंच, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाला बुकिंग करायला सांगितलं असेल तर तारीख स्वतः तपासा.

एजंटकडून घ्यायचंच असेल तर: त्यात काही पाप नाही, हॉटेलवरून गाडी येते, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं पडतं. फक्त एक समजून घ्या, आत फिरवतो तो म्युझियमचाच एज्युकेटर, एजंट कितीही "आमचा स्पेशल गाइड" म्हणाला तरी. म्हणजे जास्तीचे पैसे गाडीचे आणि धावपळ वाचवल्याचे आहेत. त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: टूरची वेळ पक्की आहे का, की आदल्या संध्याकाळी कळवणार? बर्केनाऊ धरलंय का? नावं म्युझियमकडे दिलीत का? मला ज्यांनी खाणीसकट टूर विकली होती त्यांनी आदल्या रात्री अकरा वाजता "पिकअप पहाटे साडेपाच" असा मेसेज टाकला होता.

चेक: पुढे जाण्याआधी ईमेलमध्ये कार्डाची पीडीएफ आहे का, त्यावर भाषा इंग्रजी आहे का, सगळ्यांची नावं आहेत का. एक प्रिंट काढा. ऐन वेळी फोनची बॅटरी गेलेली असते.

व्हिसाचं थोडक्यात: पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात त्यांच्याकडे अर्ज. पण चलन युरो नाही, झ्वॉती आहे, थोडी रोख ठेवा.

## ३. घरून निघण्याआधीची तयारी

मुलं. १४ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं म्युझियमच सांगतं. बंदी नाही, पण माझं मत विचाराल तर ऐका त्यांचं. आठ वर्षांच्या मुलाला कैद्यांच्या कापलेल्या केसांच्या ढिगासमोर उभं करून काय साधणार? नवरा-बायकोने दोन वेगळ्या दिवशी जा, किंवा एकाने मुलांबरोबर क्राकोवमध्ये थांबा.

म्हातारी माणसं. ऑश्वित्झ एकमध्ये, म्हणजे मूळ कॅम्पमध्ये, विटांच्या इमारती, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, बाहेर खडबडीत दगड. बर्केनाऊ तर जवळजवळ १७० हेक्टर आहे, उघडं माळरान. चार-पाच किलोमीटर चालणं सहज होतं आणि मध्ये टेकायला जागा फार कमी. आईला नेलं तेव्हा मी आधी महिनाभर तिला रोज टेकडीवर चालायला लावलं होतं, ती चिडली पण तिथे उपयोग झाला.

कपडे. उन्हाळ्यात सावली नाही, टोपी आणि पाणी हवं. नोव्हेंबर ते मार्च थंडी हाडात शिरते, थर्मल घाला, आणि बूट आधी वापरलेले असू देत. लोकांच्या स्मृतीच्या जागी जाताय, तोकडे-भडक कपडे नकोत, छातीवर विनोद लिहिलेले टीशर्ट तर नकोतच.

स्वस्तिक. हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहितोय. गळ्यातलं स्वस्तिकाचं लॉकेट, लग्नात मिळालेली शुभ-लाभची पिशवी, फोनच्या कव्हरवरचा स्टिकर, हातावरचं मेंदीतलं स्वस्तिक, हे सगळं हॉटेलवर ठेवा किंवा झाका. आपलं वेगळं आहे, आपलं हजारो वर्षांचं आहे, सगळं मान्य, पण तिथे शेजारी उभ्या असलेल्या आजींचं अख्खं घर त्या चिन्हाखाली संपलेलं असू शकतं आणि तुम्ही त्यांना तिथे संस्कृती समजावत बसणार नाही. शिवाय नाझी चिन्हांबद्दल पोलंडमध्ये कायदा कडक आहे, सुरक्षारक्षकाने बाजूला घेतलं तर टूर हुकेल.

वाचन. निदान अर्धा तास. एवढं तरी माहीत असू दे: हा जर्मन नाझींचा कॅम्प, व्याप्त पोलंडमध्ये उभारलेला, तेव्हा तिथे "पोलिश कॅम्प" म्हणू नका, पोलिश लोकांना ते फार लागतं. तिथे साधारण १३ लाख लोकं आणली गेली, ११ लाख मारली गेली, त्यातले १० लाखांच्या आसपास ज्यू. बाकी पोलिश, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे), सोव्हिएत युद्धकैदी. "फक्त ज्यू होते ना?" हा प्रश्न मग गाइडला विचारावा लागणार नाही.

आणि एक व्हॉट्सअपचा गोंधळ. कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात कॅम्प होता, काही हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले, ते खरंय. पण ते सोव्हिएत हद्दीतून सुटून आलेले पोलिश लोक होते, बहुतेक कॅथलिक. "आपल्या राजाने ज्यूंना हिटलरपासून वाचवलं" असं त्याचं रूपांतर करून तिथे गाइडला सांगू नका. नुसतं वळिवडे सांगा, पोलिश माणसाला त्यातच आनंद होतो.

## ४. पहिला दिवस: काझिमेश

इथे पायी गाइडेड टूर मिळतात. "फ्री वॉकिंग टूर" लिहिलेलं असतं ती फुकट नसते, शेवटी टीप द्यायची असते, आणि चांगला गाइड असेल तर द्यावीही. गर्दी नको असेल तर लायसन्सवाला खासगी गाइड दोन-तीन तासांसाठी घ्या, चार-पाच जणांत परवडतो.

शेरोका नावाच्या रुंद रस्त्यापासून सुरू करा. तिथलं जुनं सिनेगॉग हे पोलंडमधलं उभं असलेलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, आता ते शहराच्या म्युझियमची शाखा आहे. तिथे आधी जायचं, कारण ज्यू घर, सण, प्रार्थना, लग्न यातल्या वस्तू तिथे मांडलेल्या आहेत, त्या कळल्या की पुढचं सोपं जातं. मग रेमू सिनेगॉग आणि मागची दफनभूमी, सोळाव्या शतकातली. तिथली एक भिंत नाझींनी फोडलेल्या थडग्यांच्या तुकड्यांची आहे, गाइड पुढे सरकला तरी तिथे दोन मिनिटं मागे राहा. शेवटी गॅलिशिया ज्यू म्युझियम, फोटोंचं आहे, आज त्या जागा कशा दिसतात ते दाखवणारं.

आत जाताना: पुरुषांनी डोकं झाकायचं, दारात किप्पा म्हणजे छोटी टोपी देतात, स्वतःचा रुमाल किंवा कॅपही चालते. खांदे झाकलेले हवेत. चपला काढायच्या नसतात, आपला हात आपोआप चपलेकडे जातो. पुण्याच्या लाल देवळात (तेही सिनेगॉगच) किंवा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये गेला असाल तर हे ओळखीचं वाटेल. कबरीवर फुलं वाहायची पद्धत नाही, छोटा खडा ठेवतात. तो खडा दुसऱ्या कबरीवरून उचलायचा नाही, हे मी एका काकांना करताना पाहिलंय.

घेऊ नका: दुकानांत हातात नाणं धरलेल्या ज्यू म्हाताऱ्याची बाहुली किंवा चित्र मिळतं, घरात ठेवलं की पैसा येतो म्हणून विकतात. आपल्याला लक्ष्मीच्या फोटोसारखं निरागस वाटतं पण "ज्यू म्हणजे पैसा" या जुन्या द्वेषाचंच ते रूप आहे.

## ५. दुसरा दिवस: पोदगुझे आणि शिंडलरची फॅक्टरी

इथला क्रम लोकं बरोबर उलटा करतात, आधी फॅक्टरी आणि वेळ उरला तर बाकीचं. तसं नको.

पूल ओलांडून आधी घेट्टो हीरोजच्या चौकात या. चौकभर मोठाल्या धातूच्या रिकाम्या खुर्च्या दिसतील. माहीत नसेल तर काहीतरी मॉडर्न आर्ट म्हणून माणूस निघून जातो. मार्च १९४१ मध्ये या भागात घेट्टो केला, जिथे आधी ३,००० च्या आसपास लोकं राहायची तिथे साधारण १५,००० कोंबली, आणि १३ आणि १४ मार्च १९४३ ला तो रिकामा केला. माणसं गेली, सामान-फर्निचर रस्त्यावर पडून राहिलं, त्या खुर्च्या म्हणजे ते सामान. त्यावर चढून फोटो नको.

चौकाच्याच कोपऱ्यावर ईगल फार्मसी. तादेउश पान्कियेविच नावाचा ज्यू नसलेला पोलिश फार्मासिस्ट घेट्टोच्या आत दुकान चालवत राहिला, ते दुकान आता छोटं म्युझियम आहे, तासाभरात होतं, ड्रॉवर उघडून बघायचे असतात, बघा. मग ल्वोव्हस्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा उरलेला तुकडा. वरच्या कमानी थडग्याच्या दगडासारख्या दिसतात ना, मुद्दाम तशा केल्या होत्या.

यानंतर लिपोवा रस्त्यावरची फॅक्टरी, ऑस्कर शिंडलरची, म्हणजे आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या जर्मन उद्योजकाची. दोन गोष्टी:

एक, तिकीट वेळेचं असतं आणि सीझनमध्ये ऐन वेळी मिळत नाही, म्युझियमच्या साइटवरून आधी घ्या.
दोन, तिथे शिंडलर फार नाहीये. प्रदर्शन आहे १९३९ ते १९४५ या नाझी ताब्यातल्या क्राकोव शहराचं, शिंडलरची ऑफिसची खोली त्यात एक भाग आहे. "शिंडलर्स लिस्ट" सिनेमा बघून गेलेली लोकं "मशिनं कुठेत?" विचारत फिरतात. अपेक्षा सुधारून गेलात तर हे म्युझियम फार चांगलं आहे, निदान दोन तास द्या.

पायात दम असेल तर नाझींच्या प्वाशुव कॅम्पची जागा बघा, ट्रॅमने जवळ जाता येतं. ज्यू दफनभूम्यांवर उभारलेला कॅम्प, आज टेकड्या, गवत, माहितीचे फलक आणि एक मोठं स्मारक. लोकं तिथे कुत्री फिरवतात. शेजारची दगडाची खाण म्हणजे लिबान, तिथे थडग्यांच्या दगडांचा रस्ता आणि काटेरी तारांचे खांब दिसतात, ते त्याच सिनेमाच्या शूटिंगच्या सेटचे अवशेष आहेत, खरं समजून स्टेटस टाकू नका.

## ६. तिसरा दिवस: पोहोचायचं कसं

स्टेशनवर किंवा बसच्या पाटीवर "ऑश्वित्झ" शोधत बसू नका. ते जर्मनांनी दिलेलं नाव, गावाचं पोलिश नाव ओश्व्येंचिम. बर्केनाऊचं ब्झेझिंका. ही दोन नावं पोलिश स्पेलिंगसकट कागदावर लिहून ठेवा.

क्राकोवपासून अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. मुख्य स्टेशनला लागूनच बसस्टँड आहे, तिथून थेट म्युझियमपाशी सोडणाऱ्या बस मिळतात, दीड तास धरा. ट्रेननेही जाता येतं पण स्टेशनपासून म्युझियम वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे. आई-बाबा असतील तर बस.

गुगल मॅपची चूक: "ऑश्वित्झ-बर्केनाऊ" टाकलं की कधी कधी पिन बर्केनाऊच्या गेटवर जाते. टूर सुरू होते ऑश्वित्झ एकपासून, दोन्हींत साधारण तीन किलोमीटर अंतर आहे. आणि ऑश्वित्झ एकचं प्रवेशद्वार २०२३ पासून नव्या व्हिजिटर सेंटरमध्ये गेलंय, त्यामुळे जुन्या ब्लॉगमधला पत्ता चालणार नाही. कार्डावरचा पत्ता मॅपमध्ये टाका. टॅक्सीवाल्यालाही तोच दाखवा.

चेक: स्लॉटच्या किमान तासभर आधी गावात पोहोचाल अशी बस पकडा. टूर चुकली तर पुढच्या बॅचमध्ये घ्या म्हणून गळ घालता येत नाही.

## ७. गेटवर

१. आधी बाथरूम. आत फार कमी आहेत.
२. बॅग: ३५ बाय २५ बाय १५ सेंटीमीटर, एवढीच आत नेता येते. मोठी असेल तर बाहेर सामान ठेवायची सोय आहे, तिथे पैसे पडतात आणि रांग असते. आपली मंडळी बॅकपॅकमध्ये ठेपले, चिवडा, छत्री, स्वेटर सगळं घेऊन येतात आणि स्लॉटला दहा मिनिटं असताना त्या रांगेत उभी राहतात. खायचं ते बाहेर खा, मेमोरियलच्या आवारात खायला परवानगी नाही.
३. मूळ पासपोर्ट आणि कार्ड हातात. एअरपोर्टसारखी तपासणी होते. स्लॉटच्या अर्धा तास आधी या रांगेत असा.
४. हेडफोन मिळतात. लावून बघा, आवाज येतो का, चॅनेल बरोबर आहे का. पुढे बिघडला तर गाइडला लगेच सांगा, लाजून तसेच चालत राहू नका.
५. पुढे काँक्रीटच्या एका लांब वाटेतून आत जाता, तिथे मारल्या गेलेल्यांची नावं ऐकू येत असतात. गप्पा तिथेच थांबवा.

## ८. ऑश्वित्झ एकमध्ये

टूर दीड-दोन तास. गाइडचा वेग जास्त असतो कारण मागून पुढचा ग्रुप येतोय. ग्रुपच्या पुढच्या भागात राहा, मागे राहिलात की अरुंद जिन्यात अडकता आणि खोलीत शिरेपर्यंत बोलणं संपलेलं असतं.

गेटवरची "काम माणसाला मुक्त करतं" अशा अर्थाची ती प्रसिद्ध जर्मन पाटी मूळ नाही, २००९ मध्ये चोरी झाली, सापडली, आता वर प्रतिकृती आहे. तिथे लोकांचा गठ्ठा होतो. फोटो काढायचाच तर पाटीचा काढा, स्वतःचा नको.

फोटोचे नियम: स्वतःसाठी फोटो चालतात, फ्लॅश आणि स्टँड इमारतींच्या आत नाही. दोन ठिकाणी अजिबात नाही, ब्लॉक ४ मध्ये केस ठेवलेत ती खोली आणि ब्लॉक ११ चं तळघर. केस साधारण दोन टन आहेत. तिथे फोन खिशात टाका, नुसता खाली धरला तरी बघणाऱ्याला संशय येतो.

ब्लॉक ५ मध्ये चपला, भांडी आणि ३,८०० च्या आसपास सुटकेस आहेत, दोन हजारांहून जास्त सुटकेसवर नावं लिहिलेली. नाव-पत्ता लिहिला कारण सामान परत मिळेल असं सांगितलं होतं. माझी आई इथे थांबली ती हलेचना. भांड्यांमध्ये तिला आमच्या आजीच्या मुलाम्याच्या पातेल्यासारखं एक दिसलं होतं. अशा वेळी ग्रुप सुटला तरी चालेल, एकाने पुढे जाऊन गाइडला सांगायचं, हेडफोनची रेंज थोडी लांबपर्यंत येते.

कुणाला चक्कर-मळमळ वाटली तर ब्लॉक ११ च्या तळघरात उतरू नका, अरुंद आहे, मध्येच मागे फिरता येत नाही. बाहेर अंगणात थांबा, ग्रुप तिकडूनच येतो.

ब्लॉक २७ मध्ये नावांचं एक प्रचंड पुस्तक आहे, फक्त इथेच नाही तर युरोपभर नाझींनी मारलेल्या चाळीस लाखांहून जास्त ज्यूंची नावं. प्रत्येक टूरमध्ये तो ब्लॉक असेलच असं नाही, गाइडला सुरुवातीलाच विचारून घ्या.

## ९. बर्केनाऊ: इथे थकून परत फिरू नका

ऑश्वित्झ एक झालं की छोटा ब्रेक आणि मग फुकट शटल बस. याच ब्रेकमध्ये निम्मी आपली लोकं "बघितलं की सगळं, आता अजून काय" म्हणून सुटतात. कृपा करून जा. संख्येने बहुतेक माणसं मारली गेली ती बर्केनाऊला. ब्रेकमध्ये पाणी प्या, बाथरूमला जा आणि शटलची जागा गाइडला विचारून ठेवा, कारण गाइड पलीकडे ठरलेल्या वेळी भेटतो.

तिथे काय दिसणार ते आधी माहीत असू दे, म्हणजे निराशा होत नाही. गॅस चेंबर अवशेषांच्या रूपात आहेत, त्यातले बहुतेक जानेवारी १९४५ मध्ये पळून जाण्याआधी एसएसनेच, म्हणजे कॅम्प चालवणाऱ्या नाझी दलानेच, सुरुंग लावून उडवले. ऑश्वित्झ एकमधलं गॅस चेंबर पाहिलंत ते युद्धानंतर काही अंशी पुन्हा उभारलेलं आहे. इथल्या ढिगाऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. गेटमधून आत येणारे रूळ १९४४ च्या वसंतात टाकले, हंगेरीहून चार लाखांहून जास्त ज्यू आणले त्या सुमाराला. त्याआधीच्या गाड्या बाहेरच्या जुन्या रॅम्पवर, म्हणजे फलाटावर थांबायच्या, दोन कॅम्पांच्या मध्ये. टूर तिथे जात नाही, टॅक्सी असेल तर येताना पाच मिनिटं थांबा.

रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो काढू नका. लोकं इतके काढायची की २०१९ मध्ये म्युझियमलाच जाहीरपणे सांगावं लागलं. आणि आठवण म्हणून दगड, विटेचा तुकडा, तारेचा तुकडा उचलू नका, तो गुन्हा आहे आणि लोकं पकडली गेली आहेत.

रुळांच्या शेवटी स्मारक आहे, वीसहून जास्त भाषांत एकच मजकूर लिहिलेले फलक ओळीने. गाइड बऱ्याचदा इथेच निरोप घेतो. टूर संपली म्हणजे तुम्हाला बाहेर काढत नाहीत, बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबता येतं. ताकद असेल तर लाकडी बराकींच्या मागे चालत जा, गर्दी संपते, वाऱ्याचा आवाज तेवढा असतो. पण परत गेटपर्यंतचं अंतर लक्षात ठेवा, शटल तिथूनच.

## १०. परत येताना

शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवायची, संध्याकाळी बस कमी होतात. भुकेचं बाहेरच्या कॅफेत बघा, शाकाहारी फार काही नाही, म्हणून सकाळी बाहेर ठेवलेला तो ठेपल्यांचा डबा आता काढा.

तासभर हातात असेल तर ओश्व्येंचिम गावात जा, टॅक्सीने जवळ आहे. युद्धाआधी या गावात अर्ध्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती, ते गावाला यिडिश भाषेत ओशपित्सिन म्हणायचे. त्यांचं एक सिनेगॉग उरलंय, शेजारी छोटं म्युझियम आहे, दुकानाच्या पाट्या, शाळेचे फोटो, शीतपेयाच्या बाटल्या असलं सगळं. शनिवारी बंद. फारसं कुणी जात नाही, त्यामुळे तिथली माणसं वेळ देऊन दाखवतात.

त्या संध्याकाळचं काही बुक करू नका, ना लोकनृत्याचा शो ना नदीतली बोट. आम्ही हॉटेलवर येऊन कुकरशिवाय जमेल तशी खिचडी केली, बाबांनी घरी फोन लावला आणि काय बघितलं ते सांगायचं सोडून बराच वेळ नातवाशी शाळेबद्दल बोलत बसले.